रस्त्याला मुळं असतात का? : 'फ्लड' आणि 'वॉटरलॉगिंग' या दोन शब्दांविषयी

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली एक सकाळ. सव्वासात वाजता ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, ऑफिसकडे येणाऱ्या रस्त्यांवर वॉटरलॉगिंग आहे, शक्य असेल त्यांनी घरून काम करावं. मी मेसेजला अंगठा दिला, कूस बदलली आणि परत झोपलो. पावणेआठला वॉचमनकाका दार वाजवायला लागले. "दादा, खाली या. तुमची गाडी पाण्यात आहे."

बेसमेंटच्या जिन्यात उभं राहून खाली पाहिलं. वडिलांनी सात वर्षं वापरून मला दिलेली हॅचबॅक काचांपर्यंत बुडाली होती. आसपास चपला, थर्माकोलचे तुकडे आणि कुणाच्या तरी सायकलचं हेल्मेट तरंगत होतं. पाणी नुसतं उभं नव्हतं. रॅम्पवरून अजून येत होतं, चांगला आवाज करत.

चार दिवसांनी विम्याचा फॉर्म भरला. नुकसानीचं कारण या रकान्यात मी लिहिलं, 'बेसमेंटमध्ये वॉटरलॉगिंग'. त्या आठवड्यात हाच शब्द सगळीकडे होता. ऑफिसच्या मेसेजमध्ये, नकाशाच्या ॲपमध्ये, बातम्यांच्या नोटिफिकेशनमध्ये. दोन दिवसांनी विमा कंपनीतून फोन आला.

"सर, वॉटरलॉगिंग होतं की फ्लड होता?"

"काय फरक आहे?"

"सर, पॉलिसीत वॉटरलॉगिंग हा शब्द नाहीये."

फोन ठेवून पॉलिसीची पीडीएफ उघडली आणि सर्च मारला. फ्लड: एकदा. इनन्डेशन, म्हणजे जमीन पाण्याखाली जाणं: एकदा. वॉटरलॉगिंग: शून्य. तीच यादी भारतातल्या बहुतेक मोटार पॉलिसींत असते. पूर, टायफून, हरिकेन, वादळ, जलमय होणं, चक्रीवादळ, गारपीट, अगदी हिमदव सुद्धा आहे. जो शब्द मी दर पावसाळ्यात रोज वाचतो, तेवढा नाही.

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यात आहेत. मी भाषेचा अभ्यासक नाही, कोड लिहितो. पण व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की सहा महिन्यांनी कसा गोंधळ होतो, एवढं मला माहीत आहे. वॉटरलॉगिंग हे मला तसं चुकीचं दिलेलं नाव वाटतं, आणि त्याचा गोंधळ आपण दरवर्षी भोगतो.

पूर येतो, चढतो, ओसरतो

आधी फ्लड. हा इंग्रजीतला फार जुना, अस्सल घरचा शब्द. वाहणं या अर्थाच्या 'फ्लो'चा तो भाऊबंद. समुद्राच्या भरतीलाही इंग्रजीत फ्लड म्हणतात. म्हणजे या शब्दात मुळातच हालचाल आहे. पाणी कुठून तरी येतं, कुठे तरी जातं, वाढतं आणि उतरतं.

मराठीतला पूर अगदी तसाच. पूर येतो, चढतो, ओसरतो. त्याला क्रियापदं आहेत, म्हणजे सुरुवात आणि शेवट आहे. माझं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णा आणि पंचगंगेच्या मधल्या पट्ट्यातलं. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळचा पहिला प्रश्न 'पाणी किती फुटांवर?' हा असतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, हेही. नृसिंहवाडीत पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्या पाण्यात स्नान करतात. त्याच पाण्यानं पुढे घरं पाडली की शिव्याही देतात. पुराशी नातं भक्तीचं असो की भीतीचं, त्याची नोंद असते.

ती नोंद नकाशावरही असते. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. त्या रेषांच्या आत बांधकामं होतात, हे खरंच. पण रेषा आहे म्हणून 'आत बांधलं' असं म्हणता तरी येतं.

थोडक्यात, पूर हा शब्द उच्चारला की मागोमाग प्रश्न येतात. कुठल्या नदीला? किती? कधी ओसरणार? धरणातून किती सोडलंय?

जहाज, शेत आणि मग रस्ता

आता वॉटरलॉगिंग. रस्त्यावर येण्याआधी हा शब्द दोन ठिकाणी नोकरी करून आलाय, आणि दोन्हीकडे त्याचं काम चोख होतं.

पहिली नोकरी जहाजावर. अठराव्या शतकातल्या इंग्रज खलाशांचा हा शब्द. विल्यम फाल्कनरनं १७६९ साली काढलेल्या नौकानयनाच्या कोशात तो सापडतो. गळतीचं पाणी पोटात भरून जड झालेलं, सुकाणूला दाद न देणारं, येईल त्या लाटेसमोर मुकाट मान तुकवणारं जहाज म्हणजे वॉटरलॉग्ड जहाज. 'लॉग' म्हणजे ओंडका. ओंडक्यासारखं पडून राहिलेलं, हीच कल्पना त्यामागे असावी असं मानतात. लक्षात घ्या, यात पाणी बाहेर साचलेलं नाही, आत मुरलंय. बुडणं वेगळं आणि हे वेगळं.

दुसरी नोकरी शेतात. ब्रिटिशांनी भारतात मोठे कालवे काढले आणि काही वर्षांत कालव्याखालच्या जमिनी बिघडायला लागल्या. वरून भरपूर पाणी आणि खालून निचरा नाही, त्यामुळे भूजल वर चढलं, मुळांना हवा मिळेना, पाण्याबरोबर क्षार वर आले. पंजाबात हे झालं, तसं आपल्या नीरा खोऱ्यातही झालं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एका सहकाऱ्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्येच अभ्यास प्रसिद्ध केला होता. शेतीच्या इंग्रजीत वॉटरलॉगिंग हा शब्द अशा नेमक्या रोगाचं नाव झाला. त्याचं माप ठरलेलं आहे. आपल्याकडे साधारणपणे भूजल पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत आली की ती जमीन वॉटरलॉग्ड धरतात.

आमच्या शिरोळकडे याला चिबड म्हणतात. आमच्या वाटणीची ओढ्याकडची दीड एकराची पट्टी अशीच आहे. उसाला पाणी पाजून पाजून चिबडलेली, मार्चमध्ये वर पांढरी पापुद्र्यासारखी मिठी येणारी. तिथे वाफसा येत नाही. वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही प्रमाणात असण्याची स्थिती. हा शब्द शहरातल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ऐकला नसेल, पण वॉटरलॉगिंगचा खरा विरुद्धार्थी शब्द वाफसा हाच आहे.

गाडी बुडाली त्या दिवशी दुपारी आबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, फोन आला. टीव्हीवर पुण्याचं बघितलं होतं.

"पूर आलाय म्हणं तिकडं?"

"पूर न्हाई आबा, वॉटरलॉगिंग झालंय."

"म्हंजे काय रं?"

मला पटकन सांगता येईना. म्हणालो, "आपली ओढ्याकडची पट्टी चिबडली न्हाई का, तसंच. पाणी निघून जाईना झालंय."

आबा हसले. "लेका, पट्टी चिबडाय वीस वर्सं पाणी पाजलंय आपण. तुमचा रस्ता एका रातीत चिबडला व्हय? आणि रस्त्याला काय मुळं असत्यात कुजाय?"

आबांनी दोन वाक्यांत जे सांगितलं, ते मला नंतर पीडीएफ आणि शब्दकोश उघडून कळलं. वॉटरलॉगिंग हळूहळू होतं, आतून होतं आणि जिवंत मुळं असलेल्या जमिनीला होतं. एका रात्रीत डांबरावरून वाहत येऊन रॅम्पवरून उतरणाऱ्या पाण्याला हा शब्द लागूच पडत नाही.

रस्त्यावर आल्यावर काय झालं?

इंग्लंड-अमेरिकेत मैदान किंवा बाग वॉटरलॉग्ड होते. पावसानं मैदान भिजून चिखल झाला म्हणून फुटबॉलची मॅच रद्द, अशी बातमी तिकडे असते. शहरातला रस्ता पाण्याखाली गेला तर तिथे तो सहसा फ्लडेड असतो. रस्त्याला वॉटरलॉगिंग होणं हे मुख्यतः आपल्या उपखंडातलं इंग्रजी आहे. त्याला माझी हरकत नाही. शब्द देश बदलतात तेव्हा अर्थही बदलतात, 'प्रीपोन'सारखा उपयोगी शब्द आपणच तर रुळवला. प्रश्न एवढाच, की या बदलात काय मिळालं आणि काय गेलं.

जे गेलं ते बघायला वाक्यरचना बघा. पुराच्या बातमीत पाणी काही तरी करतं. येतं, चढतं, घरात घुसतं, वाहून नेतं. वॉटरलॉगिंगच्या बातमीत कुणीच काही करत नाही. 'अमुक चौकात वॉटरलॉगिंग रिपोर्ट झालं.' 'तमुक सबवेत वॉटरलॉगिंगमुळे वाहतूक वळवली.' क्रियापद गेलं, त्याच्या जागी एक नाम येऊन बसलं, आणि नामाला 'कुणी केलं?' असं विचारता येत नाही. पाणी कुठून आलं, हे या वाक्यात नाही. किती, हेही नाही. घोट्याएवढं पाणी वॉटरलॉगिंग आणि छातीएवढं पाणीही वॉटरलॉगिंग. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३ फुटांच्या रेघा आहेत. आमच्या सोसायटीबाहेरच्या चौकाला एकही रेघ नाही.

हा शब्द एकच प्रश्न विचारतो: मी कुठल्या रस्त्यानं जाऊ नये? तो गाडी चालवणाऱ्या माणसाशी बोलतो, शहरात राहणाऱ्या माणसाशी नाही.

आमच्या धंद्यात याचा जुळा भाऊ आहे. सर्व्हर पडला की कंपनीच्या स्टेटस पेजवर काय लिहायचं, यावर वाद होतो. 'आउटेज' लिहिलं की घड्याळ सुरू होतं. किती मिनिटं बंद, किती ग्राहकांना फटका, करारानुसार भरपाई किती, आणि शेवटी मूळ कारणाचा रिपोर्ट. 'डिग्रेडेड परफॉर्मन्स', म्हणजे कामगिरी जरा मंदावली आहे, असं लिहिलं की यातलं बरंचसं टळतं. मी स्वतः एकदा रात्री दोन वाजता हा मवाळ शब्द टाइप केलाय. कुणी जबरदस्ती केली नव्हती. झोप आली होती, आणि त्या शब्दानं सकाळपर्यंतची सवड मिळत होती. म्हणून वॉटरलॉगिंग हा कुणाचा कट आहे, असं मला वाटत नाही. तो सोयीचा आहे, बस्स. लिहिणाऱ्याला सोयीचा, छापणाऱ्याला सोयीचा, आणि सात वाजता अंगठा देऊन परत झोपणाऱ्यालाही.

एका शब्दानं काय होऊ शकतं

'शब्द बदलून पाणी उतरणार आहे का?' असं मित्र विचारतात. रास्त प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर इंग्लंडमध्ये सापडतं.

२००७च्या उन्हाळ्यात तिथे मोठे पूर आले. हल या शहरात जे झालं ते मुख्यतः नदीमुळे नव्हतं. पाऊस इतका पडला की गटारांना पेलवला नाही आणि हजारो घरांत पाणी शिरलं. आपल्याकडे ज्याला बिनदिक्कत वॉटरलॉगिंग म्हटलं असतं, तेच. सर मायकेल पिट यांच्या चौकशीत एक मुद्दा पुढे आला. नदीच्या पुराची जबाबदारी कुणाची हे ठरलेलं होतं, पण रस्त्यावर साचून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याची जबाबदारी नीट कुणाकडेच नव्हती.

त्यानंतर २०१० मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी पूर आणि जल व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याचं पहिलंच कलम फ्लड या शब्दाची व्याख्या करतं. एरवी पाण्याखाली नसलेली जमीन पाण्याखाली गेली की तो फ्लड. मग कारण मुसळधार पाऊस असो, नदी असो, धरण असो, भरती असो की भूजल. फुटलेली पाण्याची पाइपलाइन वगैरे थोडे अपवाद आहेत. पुढे हाच कायदा प्रत्येक भागात स्थानिक पूर प्राधिकरण कोण ते ठरवतो. आणि असा फ्लड झाल्याचं कळलं की कुणाकुणाची जबाबदारी होती आणि त्यांनी ती पार पाडली का, याची गरजेप्रमाणे चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध करणं त्या प्राधिकरणावर बंधनकारक करतो.

म्हणजे तिथे आधी शब्द मोठा केला, मग त्या शब्दाला माणसं बांधली. तिकडे सगळं आलबेल झालंय असं नाही. घरं अजूनही बुडतात. पण घर बुडालेल्या माणसाला 'चौकशीचा अहवाल कुठे आहे?' असं विचारायला कायदेशीर जागा आहे.

आपल्याकडेही कागदावर शब्द आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्येच शहरी पुराच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. मुंबई महापालिकेच्या कामकाजात 'फ्लडिंग स्पॉट' असतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, ती ५० पर्यंत वाढवण्याचा ब्रिमस्टोवॅड आराखडा १९९३ पासून पडून होता, हे तेव्हा घराघरात कळलं. त्या दिवसाला कुणी वॉटरलॉगिंग म्हणत नाही. तो पूरच होता, म्हणून त्याला समिती मिळाली, आकडे मिळाले, मिठी नदी आहे ही आठवण मिळाली.

पण दरवर्षीच्या पाण्याला हे मिळत नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एक नामांकित डॉक्टर पाणी भरलेल्या रस्त्यावरून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. २७ जुलै २०२४ला दिल्लीत राजेंद्रनगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत पाणी घुसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. माझ्याच वयाच्या आसपासची मुलं. मी जिन्यावरून माझी गाडी बघत होतो, तसं ते पाणी त्यांच्याकडे रॅम्पवरून आलं असेल. दोन्ही वेळी त्या शहरांच्या बातम्यांत वॉटरलॉगिंग हा शब्द होता. ज्यात माणूस बुडून मरतो त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न मला शब्दकोशाचा वाटत नाही.

दुसरी बाजू

या शब्दाच्या बाजूनं जे बोलता येईल तेही बोललं पाहिजे. दर डबक्याला पूर म्हटलं तर पूर या शब्दाची किंमत जाईल. सिव्हिलवाला माझा रूममेट म्हणतो, नदीचा पूर आणि रस्त्यावरचं पाणी यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे, मग नावं वेगळी का नकोत? शिवाय लोक घाबरतात. सकाळी सात वाजता 'पूर' असा मेसेज आला असता तर अर्ध्या ऑफिसच्या आयांनी गावाकडून फोन केले असते.

यातलं शेवटचं मला पटत नाही. त्या सकाळी मी थोडा घाबरलो असतो, तर गाडी वर काढली असती. पहिला मुद्दा मात्र पटतो. म्हणूनच पायऱ्या हव्यात. आम्ही बगला क्रमांक देतो, एक ते चार. चौथ्या क्रमांकाचा बगही बगच असतो, त्याला वेगळं गोड नाव देऊन यादीतून काढत नाही. घोट्याइतकं पाणी, गुडघ्याइतकं, कमरेइतकं. एवढी साधी मापं नोटिफिकेशनमध्ये आली तरी चालेल.

आणि पूर हा शब्दही काही धुतल्या तांदळाचा नाही. 'निसर्गाचा कोप' म्हणून हात झटकायला तो फार उपयोगी पडतो. २५ जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं. तो नदीचाच पूर होता. पण खडकवासल्यातून पाणी किती सोडायचं, कधी सोडायचं आणि खालच्या लोकांना कसं कळवायचं, हे निर्णय माणसांचे असतात. तरी पुराच्या बाबतीत हा वाद निदान झाला. कारण पूर म्हटला की नदी आली, नदी आली की धरण आलं, आणि धरणाच्या दारांवर माणूस बसलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे.

तुंबणं

या दोन इंग्रजी शब्दांच्या भांडणात आपल्या घरातला एक शब्द मी विसरलो होतो. तुंबणं.

मोरी तुंबते, गटार तुंबतं, बेसिन तुंबतं. जे वाहायला हवं ते अडलं की तुंबतं. 'पाणी साचलं' म्हटलं तर पाऊस जास्त झाला असेल, जमीन खोलगट असेल. 'पाणी तुंबलं' म्हटलं की पाण्याला जायची वाट होती आणि ती कशानं तरी बंद झाली, हे त्या क्रियापदातच आलं. तुंबलेली मोरी बघून आई 'पाऊस फार झाला' म्हणत नाही. 'काय अडकलंय बघ' म्हणते. मराठी पेपरांनी मुंबईची 'तुंबई' केली ती उगाच नाही. त्या कोटीत अख्ख्या महापालिकेवरचा आरोप बसवलाय.

फ्लड विचारतो, पाणी कुठून आलं. तुंबणं विचारतं, कुणी अडवलं. वॉटरलॉगिंग यातलं काहीच विचारत नाही. आणि गंमत अशी की शेतात असताना तोच शब्द दोन्ही विचारायचा. आमच्याकडे चिबड जमिनी सुधारायला शेतकरी एकत्र येतात, माती तपासतात, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. रोगाचं नाव नीट होतं, म्हणून औषध शोधलं गेलं.

हल्ली मराठी नोटिफिकेशनांतून तुंबणंही कमी होतंय. त्याच्या जागी 'जलमय' येतंय. 'शहर जलमय', 'रस्ते जलमय', सोबत नावांचे इमोजी. जलमय ऐकून काही अडकलंय असं वाटतच नाही, एखाद्या स्तोत्रातला शब्द वाटतो. आपण इंग्रजी शब्दाची सोय मराठीत आणतोय आणि स्वतःचा धारदार शब्द माळ्यावर टाकतोय.

कुठला ओढा?

क्लेमचं पुढे काय झालं ते सांगतो. शोधताना २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सापडला. एका सिमेंट कंपनीचा कोळशाचा साठा मुसळधार पावसात वाहून गेला होता आणि पॉलिसीतल्या फ्लड आणि इनन्डेशन या शब्दांत हे बसतं का, यावर भांडण होतं. न्यायमूर्तींनी शब्दकोश उघडून दोन्ही शब्दांचा कीस काढला आणि निकाल विमाधारकाच्या बाजूनं दिला. देशातलं सर्वोच्च न्यायालय ज्यावर वेळ घालवतं, त्यावर मी एक दुपार घालवायला हरकत नव्हती. मी नवा अर्ज लिहिला. वॉटरलॉगिंग खोडलं. पाऊस किती वाजता वाढला, पाणी कुठल्या बाजूनं आलं, किती उंच चढलं, किती तासांनी उतरलं, हे सगळं फोटोंच्या वेळांसह लिहिलं. तीन आठवड्यांनी क्लेम मंजूर झाला. गाडी भंगारात गेली, पण वडिलांना सांगण्यापुरते पैसे आले.

तो अर्ज लिहिताना 'पाणी कुठल्या बाजूनं आलं' या वाक्यापाशी मी अडलो होतो. वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मागून. ओढ्यातून." मी या सोसायटीत तीन वर्षं राहतोय, मागे ओढा आहे हे मला माहीत नव्हतं. काकांनी दाखवला. कंपाउंडच्या भिंतीला लागून, शेजारच्या नव्या इमारतीच्या पार्किंगखालून जाणारा सिमेंटचा पाइप. माझ्या कमरेएवढ्या व्यासाचा. वरच्या टेकडीवरचं सगळं पाणी त्यातून जावं अशी अपेक्षा.

यंदाच्या जूनमध्ये ऑफिसच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला. रस्त्यांवर वॉटरलॉगिंग आहे, घरून काम करा. या वेळी अंगठा द्यायच्या आधी मी खिडकीतून मागे बघितलं आणि खाली टाइप केलं: 'आमच्या मागच्या ओढ्याला पूर आलाय. पाइप तुंबलाय, पाणी रस्त्यावर गुडघाभर आहे.'

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, 'तिथे ओढा आहे?' दुसऱ्यानं विचारलं, 'पाइप कुणी टाकला?' तिसऱ्यानं महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपची लिंक टाकली.

तक्रार नोंदवायला गेलो तर ॲपमध्ये यादीतून प्रकार निवडायचा होता. यादीत वॉटरलॉगिंग होतं. तेच निवडलं, दुसरा इलाज नव्हता. पण खाली 'अधिक माहिती'ची चौकट होती. तिच्यात ओढ्यापासून सुरुवात केली.